पूर्वज्ञानाचा रकाना

व्यंकट सर, तुमचं पाठ-टाचण पाहिलं.
घटक: ज्वलन. साहित्य: मेणबत्ती, पेला, काडेपेटी.
पूर्वज्ञान: निरंक.
अक्षर मात्र सुरेख. औशाच्या शाळेत
कुणीतरी बोरूनं घोटून घेतलेलं दिसतं.

तुम्ही ज्योतीवर पेला उपडा घातलात.
ती विझली, आणि पुढच्या बाकांवरून
'ऑक्सिजन' आला, एका सुरात, बे एके बेसारखा.
मी मागे चटईवर होते, यमी हिलमच्या शेजारी.
गेल्या वर्षीच्या हजेरीत दिवाळीपासून वैशाखापर्यंत
तिच्या नावापुढे गै. गै. गै.,
चिखलातून पाखरू चालत गेल्यासारखी.

ती पुटपुटली. माझ्याशी नाही, पेल्याशी:
"लिंपलं बेस. पन धुराला भोक नाय ठेवलं."
तुम्ही विचारलंत, "काय गं?"
ती गप्प. तुम्ही फळ्याकडे वळलात.

मधल्या सुट्टीत, खाजणाकडच्या पायरीवर
तिनं मला धूर शिकवला.
आधी पांढरा, जाडजूड. तो लाकडातला पाणी.
मग पिवळा, डोळ्यांत शिरणारा.
मग निळा, असा पातळ की पल्याडचा डोंगर दिसतो.
तेव्हा भोकं बुजवायची, ओल्या मातीनं, झटकन.
उशीर झाला तर सकाळी राख,
आणि शेठ उचलीतून कापतो.
"रात्री कोण बघतं गं?"
"मी. आय दमते."

तुम्हाला सांगितलं तर तुमचे डोळे चमकले:
उद्या मैदानात भट्टीच लावू!
यमीला पुढे उभी करू, टाळ्या वाजवू!
थांबा सर.
हे ज्ञान तिनं हौसेनं नाही मिळवलेलं,
ते कर्जाच्या रात्री जागून आलंय.
त्याचा तक्ता करून भिंतीला टांगू नका.

मीही चुकलेय. बावीस वर्षांपूर्वी, तळ्याकडे,
चांग्या नावाचा पोरगा म्हणाला होता,
"बाई, चिंबोरी अवसेला भरलेली असते, पुनवेला पोकळ."
मी म्हटलं, अंधश्रद्धा. लाल पेनानं.
सोमवारी तो आला नाही. मंगळवारीही नाही.
ते खरं की खोटं, मला अजून ठाऊक नाही.
एक तराजू हवा होता,
दोन पंधरवडे आणि दहा चिंबोऱ्या.
तेवढंच तर विज्ञान होतं,
आणि ते मी वर्गाबाहेर घालवलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही पत्र्याचा डबा आणलात.
झाकणाला खिळ्यानं भोक. आत खैराच्या काटक्या.
खाली स्टोव्ह. कुणाचं नाव घेतलं नाहीत.
"हा धूर कसला?" एवढंच विचारलंत
आणि थांबलात.
माझ्या घड्याळात चौदा सेकंद.
पुढच्या बाकांना ते सोसेना, चुळबुळ झाली,
तरी तुम्ही उत्तर दिलं नाहीत.
(मी आजवर पाहिलेला तुमचा सगळ्यात चांगला पाठ
म्हणजे ते चौदा सेकंद.)

चटईवरून आवाज आला,
"अजून पांढरा हाय. पाणी हाय त्यात."
मग कोळ्यांचा हर्षल म्हणाला, आमच्याकडं सुकटीला
धूर देतात तो वेगळा, बोंबलाचा वास येतो त्याला.
मग वर्ग बोलायलाच लागला
आणि तुमचं टाचण वाऱ्यानं बाकाखाली गेलं.
"सर, आता. बुजवा. आता!"
तुम्ही बोट भाजून घेतलंत. माती नव्हती ना हाताशी.
पुढच्या वेळी तेही तिलाच विचारा.

आज वही परत आली.
'निरंक' खोडलंय. रकाना पुरला नाही,
म्हणून समासात, जरा तिरकं:
विचारून लिहितो.

मी सही केली. शेरा लिहिला नाही.
दिवाळीला अकरा आठवडे उरलेत.
हंगामी वसतिगृहाचा अर्ज माझ्या पिशवीत आहे,
त्यावर यमीच्या आईचा अंगठा लागेल.
ती नाही म्हणेल कदाचित.
भट्टीवर धाकट्याला कोण सांभाळणार, विचारेल,
आणि त्याचं उत्तर कुठल्याच प्रशिक्षणात नव्हतं.
तरी संध्याकाळी ओहोटीला वाडीवर जाऊ.
चपला हातात घ्या सर.
खाजणातली वाट तिला पाठ आहे, आपल्याला नाही.